चिकन आणि बीफ यांपैकी अधिक पौष्टिक कोणते?
कमी चरबीत भरपूर प्रथिने हवी असतील तर चिकन आणि लोह, जस्त व बी-१२ जीवनसत्त्व वाढवायचे असेल तर बीफ उजवे ठरते. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषणतक्त्यांनुसार शिजवलेल्या, कातडी काढलेल्या १०० ग्रॅम चिकन ब्रेस्टमध्ये सुमारे ३१ ग्रॅम प्रथिने व जेमतेम ३.६ ग्रॅम चरबी असते; १५ टक्के चरबीच्या बीफ खिम्यात शिजल्यावर हेच प्रमाण अंदाजे २६ आणि १५ ग्रॅम भरते, मात्र त्यातले लोह चिकनच्या दुपटीहून जास्त आणि जस्त तर कित्येक पट असते. अर्थात, ही तुलना मांसाच्या तुकड्यावर अवलंबून आहे, कारण कातडीसकट शिजवलेल्या चिकनच्या मांडीत बीफच्या चरबीविरहित तुकड्यापेक्षा अधिक चरबी असू शकते, आणि ‘चिकन म्हणजे हलके’ असे मानणारे नेमके हेच विसरतात.