सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवायची पद्धत) सगळ्यांना येतो, तरी मेडिकल, नर्सिंग आणि फार्मसीचे विद्यार्थी एकत्र सराव करताना गोंधळ का होतो?

कारण सीपीआर प्रत्येकजण आपापल्या वर्गात शिकलेला असतो. दुसऱ्या शाखेच्या माणसाला ऑर्डर देणं, त्याच्याकडून ती घेणं आणि गरज पडली तर त्याला अडवणं, हे कुणीच शिकवलेलं नसतं.

मॅनिकिनजवळ (सरावाच्या पुतळ्याजवळ) जाण्याआधीच कामं वाटून घ्या. सहा जण असतील तर टीम लीडर, कॉम्प्रेशन (छाती दाबणं), डिफिब (शॉक देण्याचं यंत्र), एअरवे (श्वासमार्ग), औषधं आणि नोंद. लीडरने पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं, हात मोकळे ठेवून. त्याने एकदा बॅग-मास्क (श्वास देण्याची पिशवी आणि मास्क) हातात घेतला की मॉनिटरकडे बघणारं कुणी उरत नाही.

सगळ्यात जास्त घोळ औषधांचा. ‘कुणीतरी ॲड्रेनलिन द्या’ म्हटलं की एकतर कुणीच देत नाही, नाहीतर दोघं देतात. नाव घेऊन सांगा: ‘नेहा, ॲड्रेनलिन १ मिलिग्रॅम आयव्ही’ (म्हणजे शिरेतून). नेहा डोस मोठ्याने परत म्हणेल, आणि दिल्यावर ‘दिलं’ असं सांगेल. नोंद त्या ‘दिलं’वर करायची, ऑर्डरवर नाही. पुढचा डोस ३ ते ५ मिनिटांनी असतो; चुकीच्या वेळेपासून मोजलं तर पुढचं सगळं वेळापत्रक चुकतं.

दर २ मिनिटांनी कॉम्प्रेशन देणारा आणि डिफिबवाला जागा बदलतात. दमलेल्या हातांनी छाती ५ सेंटिमीटरपेक्षा कमी दाबली जाते आणि ते दाबणाऱ्याला स्वतःला कळतही नाही. म्हणून नोंद ठेवणाऱ्याने १५ सेकंद आधी हाक द्यावी. थांबणं १० सेकंदांच्या आत.

आता शाखांमधल्या दबावाबद्दल. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला चूक दिसते, पण ती बोलत नाही. हे भाषणाने सुटत नाही, सराव लागतो. लीडरला गुपचूप सांगून ठेवा की असिस्टोल (मॉनिटरवर सपाट रेषा, ज्यात शॉक द्यायचा नसतो) असताना शॉकची ऑर्डर दे (एखादी चूक मुद्दाम पेरलेली असेल, हे सगळ्यांना आधी सांगा, नाहीतर विश्वास तुटतो). बोलायचं वाक्यही तयार द्या: ‘थांबा, असिस्टोल आहे, शॉक नको, कॉम्प्रेशन चालू ठेवू.’ दुसऱ्या फेरीत लीडर नर्सिंगचाच असू द्या.

१० मिनिटांच्या सरावाला किमान २० मिनिटं डीब्रीफिंग (सरावानंतरची चर्चा) ठेवा. लीडरला शेवटी बोलू द्या. तो आधी बोलला की बाकीचे नुसती मान डोलावतात. ‘कसं वाटलं?’ एवढ्यावर थांबू नका. शॉकच्या आधी कॉम्प्रेशन किती सेकंद थांबले, का थांबले, हे विचारा. आणि तोच प्रसंग त्याच दिवशी पुन्हा करून घ्या.