रक्तदाबाची वही

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे आहे. दोन वर्षांपासून रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिनची गोळी रोज सकाळी घेतो. दवाखान्यात वरचा आकडा १५० च्या आसपास भरतो. घरच्या यंत्रावर मात्र कधी १२६, तर कधी १४८ येतो. आकडा चांगला आला की मी दोन-तीन दिवस गोळी घेत नाही. कोणता आकडा खरा मानावा, आणि गोळी बंद करता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गोळीचे आधी सांगतो. चांगला आलेला आकडा बहुधा गोळीचेच काम असते. शिवाय ॲम्लोडिपिनचा अंमल शरीरात रेंगाळत असल्याने एक-दोन दिवस खाडा झाला तरी आकडा फारसा हलत नाही, आणि गोळीवाचूनही आपले चालते असा समज होतो. पुढे रक्तदाब पुन्हा चढतो, तोही बहुतेक वेळा डोके न दुखता आणि चक्कर न येता. वजन उतरल्यावर आणि मीठ घटल्यावर मात्रा कमी करता येते, क्वचित गोळी थांबवताही येते. परंतु तो निर्णय डॉक्टरांनी आपल्या नोंदी पाहून घ्यायचा असतो. घोट्यांना सूज येते म्हणून आपण गोळी टाळत असाल, तर तसे स्पष्ट सांगा. दुसरे औषध देता येते.

आता आकड्यांविषयी. एकट्या आकड्याला, तो दवाखान्यातला असो वा घरचा, फारसा अर्थ नसतो. डॉक्टरांसमोर अनेकांचा रक्तदाब वाढतो, म्हणून दवाखान्यातील १४०/९० या मर्यादेच्या जागी घरी १३५/८५ ही मर्यादा धरतात. पुढच्या भेटीआधी सात दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि रात्री जेवणापूर्वी रक्तदाब मोजा. आधीचा अर्धा तास चहा आणि तंबाखू वर्ज्य करा, लघवीला जाऊन या, आणि पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत असावा; मनगटावरची यंत्रे मी सहसा सुचवत नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा, नावडता आकडाही गाळू नका. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. आपले १२६ आणि १४८ हे आकडे कोणत्या वेळचे, गोळी घेतलेल्या दिवसाचे की खाड्याच्या, हे वहीतूनच कळेल. वही आणि यंत्र दोन्ही दवाखान्यात न्या, म्हणजे यंत्रही तिथल्या यंत्राशी ताडून पाहता येईल.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर असावे, आणि त्यात लोणचे-पापडही आले. सैंधवही शेवटी मीठच. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनीही रक्तदाब वाढतो, तेव्हा वहीत त्यांचीही नोंद ठेवा.

आकडा १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखले, दम लागला, बोलणे अडखळले किंवा हातापायातील शक्ती गेली, तर पुन्हा मोजत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.