नायट्रिफिकेशन इनहिबिटर वापरून नत्राचा डोस कमी करता येतो का?

युरियासोबत नायट्रिफिकेशन इनहिबिटर, म्हणजे मातीत अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवणारं रसायन, दिलं तर डोस कमी करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण सगळीकडे नाही. तुमच्या शेतातलं नत्र कोणत्या वाटेने वाया जातंय, ते आधी पाहा.

ओल्या मातीत युरिया विरघळला की काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं. त्यावर धन भार असतो, त्यामुळे चिकणमातीचे कण ते धरून ठेवतात. मग नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. नायट्रेटला माती धरत नाही. हलक्या जमिनीत जोराचा पाऊस झाला की ते मुळांच्या खाली झिरपतं. पाणी साचलं तर वायू होऊन जातं, आणि त्यातला नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. मला तर हे नुकसान खताच्या पैशांपेक्षा जास्त खुपतं.

डीएमपीपी, डीसीडी, नायट्रापायरिन ही इनहिबिटर रसायनं अमोनियमचं नायट्राइट करण्याच्या पायरीवरचं जिवाणूंचं एन्झाइम अडवतात, म्हणून नत्र काही आठवडे अमोनियम रूपात टिकतं. जमीन गरम असेल तर असर लवकर ओसरतो. खतातलं नत्र आधीच नायट्रेट रूपात असेल, तर त्या भागावर यांचा काहीच उपयोग नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वरून फोकलेल्या युरियात. विरघळणाऱ्या दाण्याभोवती मातीचा सामू बराच चढतो आणि अमोनिया हवेत उडतो. नायट्रिफिकेशन इनहिबिटर हे थांबवत नाही. उलट अमोनियम जास्त काळ तसंच राहिल्याने हा तोटा वाढूही शकतो. म्हणून खत मातीआड करा किंवा लगेच पाणी द्या. दोन्ही जमत नसेल तर एनबीपीटीसारखं युरिएज इनहिबिटर, म्हणजे युरियाचं अमोनियम होणंच लांबवणारं रसायन, लागेल, ते वेगळं औषध आहे.

डोस कमी करण्याआधी एकाच शेतात चार पट्टे पाडा: नेहमीचा डोस, तोच डोस इनहिबिटरसह, 15 टक्के कमी डोस इनहिबिटरसह, आणि 15 टक्के कमी नुसता युरिया. हा चौथा पट्टा बहुतेक जण गाळतात. त्यातही उत्पन्न तेवढंच आलं, तर तुमचा जुना डोसच गरजेपेक्षा जास्त होता. मग इनहिबिटर विकत घ्यायची गरज नाही.