परदेशात महिनाभर मिशनकार्याला जाऊन आलेल्यांच्या काय लक्षात राहिलं?

प्रश्न असा आहे: 'ख्रिस्ती मिशनकार्यासाठी कुणी महिनाभर परदेशी राहून आलंय का? न विसरता येणारे अनुभव सांगाल? आणि तयारी काय करावी?' शेवटच्या वाक्यावरून विचारणारे स्वतःच निघालेत असं दिसतंय.

मी गेले होते. 2019 च्या नोव्हेंबरात, नेपाळला. परदेश म्हटल्यावर विमान डोळ्यांपुढं आलं असेल तर आमचं तसं काही नव्हतं. सोलापूर स्टेशनवरून निघालो, गाड्या बदलत गोरखपूर गाठलं, तिथून बसनं सुनौली. पुढं सामान ओढत कमानीखालून चालत गेलो की परदेश. भारतीयांना व्हिसा लागत नाही. घड्याळ तेवढं पंधरा मिनिटं पुढं करायचं.

मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. आई, मी आणि चार मशिनी. आमचा सीझन मार्च ते जून, दिवाळीनंतर हात मोकळेच असतात. आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, पाचजण ठरले होते. पाळकसाहेब म्हणाले, "तिकडच्या दवाखान्याला शिलाई येणारं माणूस हवंय, तू चल." साक्ष देणारी, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव चारचौघांत सांगणारी माणसं आमच्याकडं भरपूर आहेत, कटिंग येणारी मी एकटी. अशी सहावी झाले.

जागा पाल्पा जिल्ह्यात, तानसेनच्या पुढं जीपनं दोन तास. बुटवल सोडलं की सिद्धार्थ राजमार्ग डोंगर चढायला लागतो आणि सुरुवातीलाच सिद्धबाबाचं देऊळ लागतं. आम्ही सिद्धेश्वराच्या गावची माणसं. ख्रिस्ती असलो म्हणून काय झालं, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात बसूनच वाढलोय. ते नाव ऐकून जीपमधल्या सगळ्यांनाच बरं वाटलं. पाळकसाहेबांनाही वाटलं असणार, ते बोलले नाहीत.

गावात विदेशी मिशनरी येणार अशी बातमी आधीच पोचली होती. आम्ही जीपमधून उतरलो तर पोरं आमच्या मागं बघायला लागली, गोरं कोण उतरतंय म्हणून. कुणीच उतरेना तेव्हा एकानं ड्रायव्हरला विचारलंसुद्धा. मला हसू आलं, कारण आमच्या घरातही मिशनरी म्हणजे मडमच. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 साली मुंबईत उतरली आणि पुढं नगर-सोलापूरपर्यंत आली. माझी पणजी शिवण शिकली ती मिशनच्या बाईंकडं. तिच्याकडून आजी, आजीकडून आई. तेव्हा त्या पोरांची निराशा मला अगदी कळली.

आता मुद्द्याची गोष्ट. नेपाळच्या 2015 च्या संविधानात आपला धर्म पाळायला मोकळीक आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे. ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या अपराध संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. निघण्याआधी पाळकसाहेबांनी तीनदा बजावलं होतं: पत्रकं नाहीत, पुस्तिका नाहीत, रस्त्यात उभं राहून प्रार्थना नाही. तरी आमच्यातल्या एका काकांनी हिंदी पुस्तिकांचा गठ्ठा आणलाच, आणि तोही कुठं? भेट द्यायला नेलेल्या सोलापुरी चादरींच्या घडीत. तिथल्या पाळकांना सगळे पास्टर दाइ म्हणतात, दाइ म्हणजे दादा. त्यांनी कौतुकानं चादर उलगडली आणि गठ्ठा त्यांच्या पायावर पडला.

ते रागावले नाहीत. एक पुस्तिका उचलून चाळली, परत ठेवली. मग तांदळाचं रिकामं पोतं आणलं, गठ्ठा आत टाकला, दाभण-सुतळीनं तोंड शिवलं आणि पोतं स्वतःच्या खाटेखाली सरकवलं. मी शिवणारी, माझं लक्ष त्यांच्या हाताकडं. घाईचे, लांब-लांब टाके. मग काकांना म्हणाले, "आप लोग महीने में चले जाओगे. हमको यहीं रहना है."

काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाना मागितला. रेल्वेतून रिटायर झालेले फिटर ते. दवाखान्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता आणि बाळंतपणाच्या खोलीत पाणी बादलीनं न्यावं लागत होतं. महिनाभर काका त्या पायपांच्या मागं होते. आम्ही सहाजणांनी मिळून तिथं जे काही केलं त्यात तो नळ सगळ्यात मोठा, असं मी आजही म्हणते. मंडळीच्या अहवालात त्याला अर्धी ओळ मिळाली.

माझं काम होल टॉवेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टाके घालताना किंवा छोटं ऑपरेशन करताना पेशंटच्या अंगावर मधोमध भोक असलेलं कापड टाकतात, ते. तिथं जुन्या चादरी फाडून केलेले होते. कडा दुमडलेल्या नाहीत, भोक कात्रीनं नुसतं कापलेलं, त्यामुळं दर धुण्याला धागे सुटायचे, आणि सुटा धागा जखमेत गेलेला चालत नाही. म्हणून कडेला दुहेरी दुमड आणि भोकाला आतून गोल पट्टी. दहा मिनिटांचं काम. मी ऐटीत नवं मांजरपाट घेऊन पहिल्याच दिवशी चौदा टॉवेल उडवले. आणि कापड आधी धुवायला विसरले! युनिफॉर्मच्या टेरीकॉटला आटण्याची सवय नसते ना. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या यंत्रातून, बाहेर आले तेव्हा वेडेवाकडे, भोकाभोवती चुण्या पडलेले. सिस्टर दिदीनं एक उचलून चेहऱ्यापुढं धरला आणि भोकातून माझ्याकडं बघितलं. पुढं महिनाभर माझी ओळख तीच.

शिलाईच्या खोलीत माझ्याबरोबर दोन बायका होत्या. भाषेची भीती होती ती अर्धी पहिल्या दिवशीच गेली, कारण शिवणं म्हणजे सिउनु, धागा तो धागो, आणि कपड्यांना लुगा. आपल्या लुगड्याची बहीणच. त्यानं मी जरा जास्तच धीट झाले. एकीला म्हटलं, "इथं अजून एक टाका हवा." ती उठली, फडताळ उघडलं आणि बटणांची डबी माझ्यापुढं ठेवली. मी परत म्हटलं, टाका. तिनं दुसरी डबी आणली, मोठ्या बटणांची. नेपाळीत टाँक म्हणजे बटण. होल टॉवेलला बटणं कशाला, असा तिच्याही चेहऱ्यावर प्रश्न होताच, पण मी पाहुणी ना.

तिकडं उपासना शनिवारी. तेव्हा साप्ताहिक सुट्टी शनिवारची होती आणि रविवारी शाळा-कचेऱ्या चालू असायच्या, म्हणून. चपला बाहेर, खाली सतरंजीवर बसायचं, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. भेटले की 'जय मसीह'. आम्ही आपलं सवयीनं 'सलाम' म्हणायचो, तर त्यांना ते मुसलमानी वाटायचं. आपल्याकडं ख्रिस्ती माणूस सलामच करतो हे समजावण्यात एक अख्खा शनिवार गेला. दुसऱ्या शनिवारी शास्त्रपाठ मला वाचायला दिला. लिपी देवनागरी, त्यामुळं अर्थ निम्मा कळत असला तरी वाचता आलं. नेपाळ मिशनऱ्यांना 1951 पर्यंत बंदच होता. नेपाळी बायबल 1914 साली निघालं ते दार्जिलिंगला झालेल्या भाषांतरातून. वाचताना 'माया' शब्दाशी मी थांबले. आपल्या कीर्तनात माया म्हणजे भुलवणारी, आणि आजीच्या तोंडी माया म्हणजे जीव लावणं. तिथं देवाचं प्रेम आजीच्या अर्थानं लिहिलेलं. नंतर मी अभंगाच्या चालीवरचं आमचं एक जुनं भजन म्हटलं. मादल म्हणजे त्यांचा छोटा ढोल, तो वाजवणाऱ्या पोरानं दुसऱ्या ओळीलाच ठेका पकडला आणि चौथ्या ओळीला मलाच मागं टाकून पुढं गेला.

तयारीचं थोडक्यात. नोव्हेंबरात संध्याकाळी चारनंतर आपल्या सोलापूरकरांचे दात वाजतात, तेव्हा स्वेटर दोन. दुकानदार 'आईसी की नेपाली?' विचारतो तेव्हा आईसी म्हणजे आपले रुपये. आपले 100 म्हणजे त्यांचे 160. आम्ही गेलो तेव्हा शंभरच्या वरच्या भारतीय नोटांना तिथं बंदी होती, आता काय ते निघण्याआधी विचारून घ्या. दोन वेळा डाळभात मिळेल, शेंगाचटणी न्याच, ती तिकडं हातोहात संपते. कडक भाकरी नेऊ नका. आमची गोरखपूरपर्यंत भुगा झाली, चहात घालून चमच्यानं खाल्ली.

शेवटच्या आठवड्यात शिलाईच्या खोलीतल्या त्या दोघींपैकी थोरलीनं मला भोटो शिकवला. भोटो म्हणजे आपलं झबलं, पण दुहेरी कापडाचं. पुढचा एक पदर दुसऱ्यावर येतो आणि कडेला बंद बांधायचे, टाँक नाहीतच. मी सोलापुरातून कटपीसची पिशवी नेली होती, एका शाळेच्या शर्टाचं निळं चेक्स. त्यातून आम्ही अकरा भोटो शिवले. त्या मंसिर महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, दवाखान्यात जन्मलेली पहिली मुलगी तेच निळं चेक्स घालून आजीच्या पाठीवर घरी गेली. सोलापुरात ती पोरगी पहिलीच्या वर्गात शोभली असती.

बारावा भोटो थोरलीनं माझ्यासाठी शिवला, वहिनीचे दिवस भरत आले होते म्हणून. घरी आल्यावर आईनं तो हातात घेतला. नेपाळ कसं होतं, जेवलात काय, काही नाही. आधी उलटा केला, आतली शिलाई उजेडाला धरून बघितली, बंदाचं टोक ओढून पाहिलं.

"हात चांगलाय," म्हणाली. "कुणाचा?"