मुद्दल तुमच्याकडे, व्याज शाळेला

प्रश्न : मी ६३ वर्षांची, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पेन्शन आहे, शिवाय बँकेत ८ लाखांची ठेव, मुदत मार्चमध्ये संपते. माझ्या जुन्या सरकारी मराठी शाळेत आता १४ मुलं आणि एकच शिक्षिका. शाळेला १ लाख ९० हजारांचा डिजिटल बोर्ड द्यावा म्हणते. ठेव आत्ताच मोडू का? करात सूट मिळेल का?

बाई, ठेव मोडू नका. शाळेला जरूर द्या, पण बोर्ड देऊ नका.

एकशिक्षकी शाळा कशी चालते हे तुम्हाला मी काय सांगणार! पहिलीला अक्षरं गिरवायला बसवायचं आणि तेवढ्यात चौथीचा भागाकार घ्यायचा. भिंतीवरचा मोठा बोर्ड सगळ्या वर्गांना एकाच पाठाकडे वळवतो. इथे उपयोग होईल तो दोन-तीन टॅबचा. एक गट त्यावर गोष्ट ऐकेल, तोवर बाई दुसऱ्या गटाकडे बघतील. त्यात सत्तरीचा पावसाळा, जाणारी वीज, भिंतींची ओल. वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च कोण करणार? पेरूमध्ये १० लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले, पण शिकवण्यात ते मुरले नाहीत आणि मुलांचं शिकणं सुधारलं नाही, असं युनेस्कोचा २०२३ चा अहवाल सांगतो. शिवाय पट १४ चा. उद्या शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली तर बोर्ड कुठे जाईल, हे भागशिक्षणाधिकाऱ्यांना आधीच विचारायला हवं.

करातल्या सवलतीचं थोडक्यात सांगतो. वस्तू दिली तर आयकरात देणगीची वजावट नाही. पैसे दिले तरी घेणाऱ्या संस्थेला त्यासाठी आयकर खात्याची मान्यता हवी, २,००० च्या वरची रक्कम रोख चालत नाही आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असायला हवं. पालक-शिक्षक संघाची साधी पावती पुरत नाही. म्हणून सूट धरून हिशेब करू नका.

मी असं करीन. मार्चपर्यंत थांबा, म्हणजे मुदतीआधी मोडल्याचा दंड नाही. मग २ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्या व्याज ८.२ टक्के, मुदत ५ वर्षं. दर तिमाहीला ४,१०० रुपये, वर्षाला १६,४०० हातात येतात. ते शाळेचे. हे व्याज करपात्र आहे, तेवढं लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी टॅब आणि गोष्टींची पुस्तकं, नंतर इंटरनेट, बॅटरी, दुरुस्ती. मुद्दल तुमच्याच नावावर राहील. घरात आजारपण आलं तर कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, आणि हे मला बोर्डाहून मोलाचं वाटतं.

मार्चला वेळ आहे. तोवर एक दिवस वर्गात मागे बसून या आणि आत्ताच्या बाईंना विचारा, त्यांचं रोज कुठे अडतं. टॅबवर काय घालायचं ते त्यांनाच ठरवू द्या.