पुण्यात शिक्षण : हॉस्टेल, भाड्याचा फ्लॅट की स्वतःचे घर?

जालन्याच्या एका वाचक भगिनींच्या मुलीला शिवाजीनगरजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या फेरीत जागा मिळाली असून त्यांनी पुढच्या फेरीसाठी बेटरमेंटचा, म्हणजे मिळालेली जागा हातात ठेवून अधिक पसंतीच्या महाविद्यालयासाठी थांबण्याचा, पर्याय खुला ठेवला आहे. महाविद्यालयाच्या वसतिगृहाची यादी लागायची आहे. त्यांच्यासमोर तीन मार्ग आहेत : चालत जाण्याच्या अंतरावरील खासगी हॉस्टेल (मेससह दरमहा 15,000 रुपये, दहा महिन्यांसाठी, एकरकमी भरल्यास 1,35,000), दोन मैत्रिणींबरोबर वारज्यातील 27,000 रुपये भाड्याचा टू बीएचके, किंवा भावाच्या आग्रहानुसार 40 लाखांचा वन बीएचके विकत घेणे. हाताशी 9 लाखांच्या मुदत ठेवी आहेत.

ताई, आपल्या पत्रात फ्लॅटचे 9,000 आणि हॉस्टेलचे 15,000 हे आकडे शेजारी मांडले आहेत, आणि गफलत तिथेच होते, कारण एका आकड्यात जेवण आहे आणि दुसऱ्यात नुसत्या भिंती आहेत. भाडे अकरा महिन्यांचे, म्हणजे 99,000 रुपये. त्यात दलालीचा वाटा 9,000, दहा महिन्यांचा डबा सुमारे 40,000, वीज, गॅस आणि इंटरनेट 11,000, जाण्यायेण्याचे 10,000, गाद्या, कपाट, शेगडी अशा सामानाचे 12,000 आणि कराराचा खर्च साधारण 1,000 धरला, तर पहिले वर्ष 1,82,000 रुपयांना पडते. हॉस्टेल दरमहा पैसे भरूनही दीड लाखात बसते. शिवाय डिपॉझिटचे प्रत्येकीचे 27,000 अडकतात आणि घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली त्यातून किती कापले जातील हे बहुतेक वेळा मालकाच्या मर्जीवर असते. तिघींपैकी एकीने मध्येच घर सोडले तर उरलेल्या दोघींवर प्रत्येकी 13,500 रुपये भाडे येईल, याचा विचार सहसा कोणी आधी करत नाही.

घर घेण्याचा मुद्दा मी थोडक्यात संपवतो. 32 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 27,800 रुपये येतो आणि पहिल्या वर्षाचे व्याजच 2 लाख 70 हजारांच्या घरात जाते. घर आपल्या नावावर घेऊन महिलांसाठीची एक टक्क्याची सवलत मिळवली तरी मुद्रांक शुल्काचे 2 लाख 40 हजार आणि नोंदणीचे 30 हजार वेगळेच. आठ लाख स्वतःचे घातल्यावर आपल्या ठेवींतून हा खर्चही भागत नाही. चार वर्षांच्या निवासासाठी वीस वर्षांचे ओझे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भाऊरायांना गुंतवणूकच करायची असेल तर ती त्यांनी स्वतःच्या नावावर करावी.

खरा विचार हॉस्टेलचे पैसे कसे भरायचे याचा आहे. एकरकमी सवलत 15,000 रुपयांची आहे, आणि हिशेबापुरते बोलायचे तर हा परतावा कोणत्याही मुदत ठेवीपेक्षा कितीतरी सरस आहे. परंतु तो मुलगी पूर्ण दहा महिने तिथे राहिली तरच पदरात पडतो. नवव्या महिन्याअखेर सोडले तर बरोबरी होते, सहाव्या महिन्यात सोडले आणि परतावा नाही म्हटले तर 45,000 रुपये जातात. आपल्या बाबतीत मध्येच सोडण्याची शक्यता किरकोळ नाही : पुढच्या फेरीत महाविद्यालय बदलू शकते, किंवा वसतिगृहाच्या यादीत नाव लागू शकते, आणि तसे झाले तर मी तिथेच जा असे सांगेन. म्हणून पहिले सत्र दरमहा पैसे भरून काढावे. सहा महिन्यांत सवलतीच्या 9,000 रुपयांवर पाणी सोडावे लागेल. ते मोकळीकीचे मोल समजावे. जानेवारीत मुलगी तिथे रुळलेली असेल, तर उरलेल्या चार महिन्यांच्या एकरकमी भरण्यावर घासाघीस करता येईल. महिन्याचे पैसे ठेव न मोडता पगारातून निघतात का, हे मात्र आपणच पाहायचे आहे.

फ्लॅटचा विचार दुसऱ्या वर्षी जरूर करावा, पण चार जणींनी मिळून. भाडे प्रत्येकी 6,750 वर येते, आणि दलाली व सामान वगळता वर्षाचा खर्च 1 लाख 36 हजारांच्या आसपास राहतो. त्यासाठी पहिल्या वर्षाअखेर ज्यांच्याशी खरोखर पटते अशा तिघी सापडाव्या लागतात. करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणीकृत आणि चारही मुलींच्या नावाने असावा. महाराष्ट्रात तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, त्यामुळे मालक टाळाटाळ करत असेल तर ते घर सोडून द्यावे. डिपॉझिट रोखीने न देता बँकेतून द्यावे आणि ते किती दिवसांत, कोणत्या कपातीनंतर परत मिळेल हे करारातच लिहून घ्यावे. हॉस्टेलकडूनही आगाऊ रकमेच्या परताव्याची अट सही-शिक्क्यासह मागावी, आणि ती द्यायला ते राजी नसतील तर सवलत कितीही आकर्षक असली तरी पैसे महिन्याच्या महिन्यालाच भरत राहावे.