वाचकांचे प्रश्न : बागेतला राडारोडा कमी खर्चात कसा निघेल?

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला आमचं घर आहे. मागच्या अंगणातली सिमेंटची पायवाट (४० फूट लांब, ३ फूट रुंद, ४ इंच जाड) आणि विटांचा कट्टा (१५ फूट लांब, ३ फूट उंच, ९ इंची) फोडून घेतला. मजूर सगळ्याचा एकच ढीग करून गेले. ट्रॅक्टरवाले तीन खेपा लागतील म्हणतात आणि दरही चढा सांगतात. स्वस्तात कसं उरकेल?

उत्तर : आधी माप काढा. पायवाटेचं काँक्रीट ४० घनफूट आणि कट्ट्याचं बांधकाम ३४ घनफुटांच्या आसपास, मिळून ७४. फोडलेला माल फुगतो, कारण तुकड्यांमध्ये पोकळी राहते. त्यामुळे ढीग १०० ते ११० घनफुटांचा होईल, म्हणजे एक ब्रास (१०० घनफूट) किंवा थोडा जास्त. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर माल बसतो. तरी हौद्याची लांबी, रुंदी, उंची फुटांत विचारा, गुणाकाराला १०० ने भागा आणि मगच खेपा ठरवा. तीन खेपांचा हा माल नाही. वजन मात्र साडेचार टनांच्या घरात आहे, तेव्हा फळ्या लावून ट्रॉली उंच भरायला सांगू नका.

खरी बचत ढीग निवडण्यात आहे. काँक्रीट, विटा, माती, लोखंड आणि प्लॅस्टिक एकत्र असेल तर तो माल कोणी फुकटही उचलत नाही आणि सगळ्याचं भाडं तुमच्या माथी बसतं. वेगळा केला की बराचसा माल मागून नेला जातो. दोन मजूर, एक दिवस, एवढंच काम आहे.

अर्धा इंची जाळीची चाळण तिरकी उभी करा, जशी गवंडी वाळू चाळायला लावतात, आणि फावड्याने माल तिच्यावर मारा. खाली पडेल ती माती आणि मसाल्याचा चुरा. वर राहील त्यातून आधी सळया काढा, त्या भंगारात जातील. मग अख्ख्या विटा, विटांचे तुकडे आणि काँक्रीटचे तुकडे असे तीन ढीग करा. कट्टा मातीत किंवा चुन्यात बांधलेला असेल तर विटा हातोडीने सहज साफ होतात. सिमेंटच्या मसाल्यातल्या विटांमागे मजुरी घालवू नका, मसाला निघेपर्यंत वीट फुटते. मोठे तुकडे घणाने मुठीएवढे करून घ्या. डोळ्यांवर चष्मा आणि पायात जाड बूट असल्याशिवाय घण हातात देऊ नका.

आता कोणता माल कुठे जातो ते पाहू. विटांचे स्वच्छ तुकडे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्यांना ब्रिकबॅट कोब्यासाठी, म्हणजे गच्चीवर विटांचे तुकडे मसाल्यात बसवून केलेल्या थरासाठी, लागतात. चुरा, माती किंवा रंगाचे पापुद्रे असले तर ते घेत नाहीत, कारण कोबा धरत नाही. काँक्रीटचे तुकडे जोत्याच्या भरावाला चालतात. जवळपास जोत्यापर्यंत आलेलं बांधकाम शोधा आणि मालकाशी बोला, कारण त्याला मुरूम विकत घ्यावा लागतो. मात्र भरावात लाकूड किंवा झाडाची मुळं गेली तर ती कुजतात, खाली पोकळी होते आणि वर्षा-दोन वर्षांनी फरशी बसते. त्यामुळे मालक असा माल नाकारतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

गावाकडच्या पाणंद रस्त्यालाही काँक्रीटचे तुकडे उपयोगी पडतात. काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॉली रुतते तिथे खाली हे तुकडे आणि वर मुरूम दाबला की चाकाला आधार मिळतो. विटांचे तुकडे तिथे देऊ नका. उसाच्या ट्रॉलीच्या वजनाखाली त्यांचा भुगा होतो आणि पहिल्याच पावसात चिखल. काच, फरशीचे धारदार तुकडे आणि तारा काढूनच माल द्या, टायर फाटतात.

वेळही बघा. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो तेव्हा ट्रॅक्टर उसाच्या फेऱ्यांत अडकलेले असतात, म्हणून दर चढतो. एप्रिल-मेमध्ये ट्रॉल्या मोकळ्या असतात, बांधकामंही जोरात असतात. जून लागला की माल भिजून जड होतो.

जे उरेल त्याच्यासाठी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात राडारोडा टाकायची नेमून दिलेली जागा आणि शुल्क विचारा. घंटागाडीत हा माल टाकायचा नसतो. ट्रॅक्टरवाल्याला कुठे ओतणार हे आधी विचारा. बांधकाम कचऱ्याच्या केंद्रीय नियमांनुसार कचरा वेगळा करून योग्य ठिकाणी पोचवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर आहे. फार स्वस्त दर सांगणारा बऱ्याचदा नदीकाठी किंवा ओढ्यात ओततो. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेत. ओढ्या-नाल्यांची पात्रं अशी भरत गेली की साध्या पावसाचं पाणीही गल्लीत शिरतं. त्या दराला बळी पडू नका.

प्रश्न : तासगावला आमची काळी जमीन आहे, बागेत पाणी साचतं. बांधकामातले तुकडे वाफ्यांच्या तळाशी घातले तर निचरा होईल का? खर्चही वाचेल.

उत्तर : नाही होणार. काळ्या मातीत खड्डा करून तळाशी तुकडे घातले की पाणी तिथे उतरतं आणि अडकतं, कारण भोवतीची माती ते शोषून घेत नाही. मुळं पाण्यात उभी राहतात. बाहेर पडायला वाट नसेल तर तुकड्यांचा थर निचरा करू शकत नाही. वाफाच जमिनीपासून ९ इंच ते १ फूट उंच करा आणि कडेने उताराची चर काढा. त्या चरीत विटांचे तुकडे भरले तर चालतील.

सिमेंट आणि प्लॅस्टरचे तुकडे मात्र वाफ्यापासून लांबच ठेवा. त्यातला चुना पाण्याबरोबर मातीत उतरतो आणि सामू (पीएच) वाढतो. आपल्या भागातल्या काळ्या जमिनी आधीच अल्कधर्मी आहेत, पुष्कळ ठिकाणी चोपण (सोडियम जास्त असलेल्या) आहेत. चुना वाढला की झाडाला लोह घेता येत नाही. लिंबू, गुलाब, मोगरा यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा पानांवर लोक खत वाढवत राहतात आणि त्याचा उपयोग होत नाही. चाळणीखालचा चुराही वाफ्यात न घालता पायवाटेखाली घाला.

पायवाट करायची तर ८ इंच खोदा. तळाशी २ इंच मुरूम पसरून धुम्मस (जमीन ठोकून दाबायचं जड अवजार) मारा. त्यावर ४ इंच तुकडे घाला, पाणी मारून पुन्हा धुम्मस आणि वर २ इंच मुरूम किंवा क्रशसँड. खालचा मुरूम वगळू नका. तो नसला तर पावसात काळी माती तुकड्यांतून वर येते आणि वाट खचते.

प्रश्न : साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर घर आहे. बाग सपाट करताना मुरूम आणि बरेच काळे दगड निघाले. फेकून द्यावेत का?

उत्तर : अजिबात नको. उतारावरच्या बागेत हे दगडच सोनं आहेत. त्यांच्या ताली, म्हणजे उताराला आडव्या दगडी बुटक्या भिंती घाला, म्हणजे माती वाहून जाणार नाही. कोरड्या रचाईची ताल अडीच फुटांपर्यंतच ठेवा. पाया ६ इंच खोल, तळाची रुंदी १८ इंच. सगळ्यात मोठे दगड खाली, लांब बाजू आत करून. दर फुटाला २ इंच मागे झुकवत रचा आणि एकावर एक सांधा येऊ देऊ नका. ताल आणि माती यांच्यात ९ इंच जागा सोडून बारीक दगड, विटांचे तुकडे भरा. ताली बहुधा मागे अडकलेल्या पाण्याच्या दाबानेच फुगून पडतात, म्हणून सिमेंटने सांधे बंद करायचा मोह टाळा. यापेक्षा उंच भिंत हवी असेल तर इंजिनिअरला जागा दाखवा. मुरूम उरलाच तर तो शेजारीपाजारी कोणी ना कोणी नेतोच, पण मातीत कालवू नका.

प्रश्न : मिरजेला आमच्या बागेतल्या शेडचे सिमेंटचे जुने पत्रे फुटले आहेत. राडारोड्यात टाकले तर चालतील?

उत्तर : नाही. या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. फोडताना त्याचे तंतू हवेत उडतात, फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो. पत्रे फोडू नका, घासू नका, ड्रिल मारू नका. नट-बोल्ट सोडून अख्खे उतरवा. फुटलेल्या तुकड्यांवर आधी पाणी मारा. एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा मास्क (एन-९५ पुरेसा नाही) आणि हातमोजे घालून ते जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत भरा, तोंड बांधा आणि वर ठळक अक्षरांत ‘ॲस्बेस्टॉस’ लिहा. जागा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि तेही फडकं त्याच पिशवीत टाका. महापालिकेच्या घनकचरा विभागाला लेखी कळवून कुठे द्यायचं ते विचारा. तोवर पिशव्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी, सावलीत ठेवा. उन्हात प्लॅस्टिक तडकतं.